उतारावरचे आरोग्य

नागपूरची भूमी पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जाते, आणि जिच्यावरून या नगरास नाव पडले असे मानतात ती नाग नदी याच उताराने अंबाझरीच्या परिसरातून निघून, सीताबर्डीच्या पायथ्यावरून, जुन्या महालाच्या आणि इतवारीच्या बाजूने, पूर्वेकडील सखल वस्त्यांमधून वाहत जाऊन शेवटी कन्हानेच्या पात्रात विसर्जित होते. भूगोलातील ही साधी गोष्ट प्रथम सांगण्याचे कारण असे की, गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत या शहरात सार्वजनिक आरोग्याचा जो जो बंदोबस्त झाला, त्याने बहुधा याच उताराचे अनुसरण केले. वरच्या अंगास राहणारांस शुद्ध पाणी, मोकळी हवा आणि झाडांची सावली आधी मिळाली. खालच्या अंगास राहणारांच्या वाट्यास वरच्यांनी सोडून दिलेले पाणी आले. आजही शहराचे सांडपाणी शुद्ध करणारे मोठे केंद्र आणि शहराच्या कचऱ्याचा डोंगर ही दोन्ही पूर्वेकडे भांडेवाडीस आहेत. सांडपाणी उतारानेच जाणार, हे स्थापत्यशास्त्र झाले. परंतु कचरा गाडीतून जातो, आणि गाडीस उतार लागत नाही.

भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याचे राजधानीचे ठिकाण ठरले, त्यापूर्वीच गोऱ्या अंमलदारांनी आपल्या वस्तीची जागा निश्चित केली होती. सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे, जुन्या शहरापासून अलग, विस्तीर्ण आवारांच्या बंगल्यांची जी वसाहत उभी राहिली तिलाच आपण सिव्हिल लाईन्स म्हणतो. आणि ईशान्येस कन्हानेच्या काठी कामठीची छावणी तर १८२१ पासूनच होती. ही दूरता निव्वळ दिमाखाची नव्हती. तिच्यामागे त्या काळचे वैद्यकशास्त्र उभे होते. रोग हे कुजक्या द्रव्यांतून निघणाऱ्या दूषित वायूंनी होतात, आणि एतद्देशीयांची दाट वस्ती ही अशा वायूंची खाणच आहे, असा त्या शास्त्राचा सिद्धान्त होता. १८५७ च्या उठावानंतर इंग्लंडात जो शाही आयोग नेमला गेला, ज्याच्या कामात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा मोठा वाटा होता, त्याने १८६३ च्या अहवालात दाखवून दिले की, हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांपैकी दरसाल हजारी ६९ मृत्यू पावत आले आहेत, आणि त्यांतील बहुतेक तलवारीने नव्हे तर ताप, अतिसार व पटकी यांनी. साम्राज्य टिकवायचे तर शिपाई जगला पाहिजे. शिपाई जगायचा तर छावणीभोवतालचा बाजार, विहिरी आणि शौचकूप यांवर नजर ठेवली पाहिजे. हिंदुस्थानातील सरकारी आरोग्यखात्याचा उगम या हिशेबात आहे. रयतेचे आरोग्य त्यात आले ते गोऱ्या शिपायाच्या शेजारी राहणारी म्हणून.

नागपूरची नगरपालिका १८६४ सालची. तिच्या स्थापनेनंतर काही वर्षांतच, १८७० च्या सुमारास, अंबाझरीच्या जुन्या तलावाचा बांध उंचावून शहरास नळाने पाणी देण्याची तजवीज झाली. पुढे गोरेवाड्याचा तलाव आला, मग कन्हान, आणि अखेरीस पेंच. ही परंपरा अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु नगरपालिकेत मत देण्याचा अधिकार मालमत्ता आणि कर यांवर अवलंबून होता, आणि नळ कोणत्या गल्लीत आधी न्यावयाचा हे ठरवणारे सभासद त्याच गल्ल्यांचे रहिवासी असत. १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि कोष्टी, महार अशा विणकर जातींतील सहस्रावधी माणसे हातमाग सोडून किंवा हातमागासोबतच गिरणीच्या पाळीवर जाऊ लागली. पाचपावली, इंदोरा, खलाशी लाईन, आणि वसंत मून यांनी ‘वस्ती’ या आत्मचरित्रात जिचे चित्रण केले ती सीताबर्डीनजीकची महारपुरा, अशा वस्त्यांतून या कामगारांचे संसार वाढले. गिरणीच्या भोंग्यावर सारे शहर घड्याळ लावीत असे, पण तो ऐकून पहाटे उठणाऱ्याच्या दारात नळ येण्यास पुष्कळ काळ लागला.

आणि शहराची स्वच्छता प्रत्यक्ष करणारा जो वर्ग, त्याची तर कथाच वेगळी. मेहतरांवाचून आरोग्यखात्याचे एक पाऊल पुढे पडत नव्हते, आणि त्या खात्याच्या आरोग्यविषयक चिंतेत मेहतर कोठेही नव्हता. दप्तरात तो झाडू, बादली आणि बैलगाडी यांच्या खर्चाच्या सदरात येत असे. स्वातंत्र्यानंतर त्याच्या हितासाठी समित्या झाल्या. महाराष्ट्रात लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या निवृत्तीनंतर किंवा मृत्यूनंतर त्याच्या वारसास तीच नोकरी मिळण्याची तरतूद झाली. ती दयाबुद्धीने झाली आणि अनेक कुटुंबांना तिने उपासमारीतून वाचवले, हे खरे. परंतु बापाचा झाडू मुलाच्या हाती देण्याचे जे कार्य पूर्वी रूढी करीत असे ते आता शासननिर्णय करू लागला, हेही तितकेच खरे. हाताने मैला साफ करविण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, अपुरा ठरला म्हणून २०१३ मध्ये पुन्हा झाला. गटारात गुदमरून मेलेल्याच्या वारसांस १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. बंदी घातलेल्या कामातील मृत्यूचा मोबदला वाढवावा लागतो, यावरून बंदीची अवस्था समजते.

प्लेगाने या साऱ्या व्यवस्थेचे अंतरंग उघडे केले. १८९४ मध्ये हाँगकाँगात, १८९६ मध्ये मुंबईत आणि तेथून आगगाडीच्या मार्गाने देशभर गेलेल्या या साथीने नागपूरही सोडले नाही. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांस घरात शिरण्याचे, माणसे उचलून नेण्याचे, सामान जाळण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात त्याचा शेवट प्लेग-अधिकारी रँडच्या वधात झाला, हे सर्वश्रुत आहे. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी की, त्याच पुण्यात त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले, आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करता करता, प्लेगानेच गेल्या. मुंबईत तेव्हा पारशांनी, हिंदूंनी आपापली स्वतंत्र इस्पितळे काढली. ज्यास अशी जात नव्हती, किंवा जात होती पण जातीपाशी द्रव्य नव्हते, तो सरकारी इस्पितळात गेला. आणि हीच साथ १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन बंदरात पोचली तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी आरोग्याच्या नावाने आफ्रिकी लोकांस शहरातून उचलून बाहेरच्या वसाहतीत नेऊन ठेवले. साथ गेली, वसाहत राहिली. वर्णभेदाच्या ज्या राजवटीचे पुढे जगभर नाव झाले, तिचा एक पाया या प्लेगाच्या हुकुमात घातला गेला होता.

आपल्याकडे प्लेगाचे अपत्य म्हणजे सुधार न्यास. १८९८ मध्ये मुंबईत पहिला निघाला आणि नागपुरात १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला. दाट वस्तीतून रुंद रस्ता काढला की हवा खेळते आणि रोग जातो, ही त्यांची श्रद्धा होती. पाडलेल्या घरातील माणसे पुढच्या गल्लीत जाऊन तेथील दाटी दुप्पट करतात, हा अनुभव श्रद्धेस बाधक ठरला नाही. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताने पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातील अनेक नगरांची पायी पाहणी करून जे अहवाल लिहिले, त्यांत नागपूरचाही आहे. सरसकट पाडापाडीऐवजी एखादे पडके घर काढून तेथे लहानसे अंगण करावे, विहीर दुरुस्त करावी, झाड लावावे, रहिवाशांस हलवू नये, असे या मनुष्याचे सामान्य म्हणणे होते. त्याची स्तुती पुष्कळ झाली. अहवाल कपाटात गेले.

आता १९१८ च्या एन्फ्लुएंझाकडे येऊ, कारण माझ्या मते या सर्व प्रकरणाची गुरुकिल्ली त्या वर्षीच्या मुंबईच्या एका कोष्टकात आहे. त्या वर्षी पाऊस बुडाला होता, धान्य महाग झाले होते, आणि शरदात आलेल्या साथीच्या दुसऱ्या लाटेने मध्य प्रांत व वऱ्हाड तर इतके होरपळले की हिंदुस्थानात सर्वाधिक मनुष्यहानी झालेल्या मुलखांत त्यांची गणना होते. मुंबईच्या आरोग्याधिकाऱ्याने मात्र मृत्यूंची जातवार नोंद ठेवली होती, म्हणून तेथील चित्र स्पष्ट दिसते. या साथीत दर हजारी मेलेल्यांचे प्रमाण असे: युरोपियन ८.३, पारशी ९, अँग्लो-इंडियन ११.९, ज्यू १४.८, देशी ख्रिस्ती १८.४, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२, आणि ज्यांस त्या कोष्टकात ‘नीच जातीचे हिंदू’ म्हटले आहे त्यांचे प्रमाण ६१.६.

हे कोष्टक सावकाश वाचावे असे आहे. युरोपियन आणि अस्पृश्य यांच्यातील सातपटींहून अधिक अंतर कोणाच्याही नजरेत भरेल, आणि वंशवादी मनुष्य लगेच म्हणेल की गोऱ्याचे रक्तच कणखर. परंतु मग पारशाचे काय करावे? तो गोरा साहेब नव्हे, येथल्याच हवेत शतकानुशतके वाढलेला आहे, आणि तरीही तो युरोपियनाच्या खांद्यास खांदा लावून उभा आहे. देशी ख्रिस्त्याचा देव युरोपियनाचा, पण मृत्यूचे प्रमाण शेजारच्या हिंदूचे. मुसलमान आणि सवर्ण हिंदू धर्माने दूर, आकड्याने जवळजवळ एक. म्हणजे या कोष्टकास धर्म समजत नाही, कातडीचा रंगही समजत नाही. त्यास समजते ते एवढेच: एका खोलीत किती माणसे निजतात, आजाऱ्यास आठवडाभर अंथरुणावर पडून राहणे परवडते काय, आणि कोणी त्याच्या तोंडात दूध-पाणी घालण्यास घरी आहे काय. या ज्वरावर औषध नव्हते. शुश्रूषा हाच उपाय होता, आणि रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या घरात शुश्रूषा म्हणजे आणखी एकाची मजुरी बुडणे. असा माणूस शिवताशिवतीमुळे शेजाऱ्याच्या मदतीसही मुकला, की ६१.६ हा आकडा पुरा होतो.

अमेरिकेत असाच वाद थोडा आधी झाला होता. फ्रेडरिक हॉफमन नावाच्या, एका विमा कंपनीत नोकरीस असलेल्या संख्याशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये ग्रंथ लिहून नीग्रो वंश रोगांमुळे आपोआप क्षीण होत जाणार असे भाकीत केले. मग अशांचा विमा न उतरवणे हेच शहाणपण ठरले. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने फिलाडेल्फियाच्या एका प्रभागात घरोघर फिरून १८९९ मध्ये उत्तर दिले की, या मृत्यूंची कारणे दमट खोल्या, अपुरे अन्न आणि बंद दारे यांत आहेत. आमच्या मध्य प्रांतात जाती-जमातींची चार खंडांची प्रचंड सूची करणारा आर. व्ही. रसेल आणि त्याचे सहकारी रायबहादूर हिरालाल यांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कात विद्यार्थी असलेल्या भीमराव आंबेडकरांनी जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला, आणि पुढे १९३६ मध्ये त्यांनी निःसंदिग्ध सांगितले की जात ही वंशाची विभागणी नव्हे. जात हे एकाच वंशातील माणसांचे सामाजिक विभाजन, आणि तिचा प्राण म्हणजे जातीबाहेर विवाहास मनाई. हे विधान वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही किती मार्मिक होते, हे नागपुरात पुढे दिसून यावयाचे होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, ती श्रद्धानंद पेठेतील ज्या मैदानावर, ते देवीची लस तयार करणाऱ्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या लगतचे. हा योगायोगच; त्यातून काही अर्थ काढण्याचा मोह मी आवरतो. १९५८ साली याच शहरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आजची ‘नीरी’, स्थापन झाली. आणि त्याच १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय नियतकालिकात शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि सुमारे १२० दिवस टिकावयाची ती काही दिवसांतच फुटते. हाडे पिळून निघावीत अशा कळा, वारंवार रक्त कमी होणे, बालपणी साध्या जंतूंनी मृत्यू, हे त्याचे परिणाम. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर मनुष्य वाहक, त्यास प्रायः काही होत नाही. दोघांकडून आला तर रुग्ण. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. विदर्भातील वस्त्यांत हे ज्ञान आता पुस्तकी राहिलेले नाही. ‘एएस पॅटर्न’ (वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द तेथे सोयरिकीच्या बोलण्यात येतात.

हा दोष मूळ कोणत्याही जातीचा नव्हे. अँथनी अ‍ॅलिसन याने १९५४ मध्ये दाखवून दिले की वाहकास घातक हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या अरण्यमय मुलखात, मग तो आफ्रिकेतील असो वा गोंडवनातील, हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. पुढचे काम जातिव्यवस्थेने केले. विवाहाच्या कुंपणामुळे तो आदिवासी जमातींत आणि विदर्भातील काही अनुसूचित जातींत साठत गेला, आणि उत्तर नागपूरच्या वस्त्यांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. डासाने दिलेले आणि सोयरिकीने राखलेले हे दान पाहून कोणी त्यास जातीचे रक्त म्हणेल, तर त्याने कार्यालाच कारण समजण्याची चूक केली. आणि त्या रक्ताचे पुढे काय होते, मूल पाचव्या वर्षी जाते की पन्नाशी गाठते, हे तर मुख्यतः वर्गावर आहे: जन्मतःच तपासणी, पेनिसिलिन, लसी, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, वेळेवर रक्त, आणि कळा आल्या असता नाटक करतो असे न म्हणणारा डॉक्टर, यांवर.

अमेरिकेत हा रोग मुख्यतः कृष्णवर्णीयांचा म्हणून १९१० पासून ज्ञात असता त्यासाठी स्वतंत्र कायदा होण्यास १९७२ साल उजाडले. आणि तपासणी सुरू झाली तेव्हा निरोगी वाहकांसही विमा कंपन्यांनी अडवले व हवाईदलाच्या प्रबोधिनीने १९८१ पर्यंत दारे बंद ठेवली. आपली गती याहून मंद. १९५८ च्या त्या लेखानंतर नागपुरातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या पालकांनी हा विषय जागता ठेवला, परंतु राज्याचा नियंत्रण कार्यक्रम या शतकात आला आणि राष्ट्रीय निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातील शहडोल येथे. २०४७ पर्यंत निर्मूलनाचे तिचे उद्दिष्ट आहे व सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे; पण तिचा रोख आदिवासी क्षेत्रांवर आहे, आणि इंदोऱ्याच्या गल्लीतील रुग्ण आदिवासी नाही व क्षेत्रातही राहत नाही.

मधल्या काळात शहरात पुष्कळ सुधारणा झाल्या. अखंड चोवीस तास पाण्याचा प्रयोग नागपुरात झाला तो प्रथम धरमपेठ झोनमध्ये, आणि नंतर, २०१२ पासून, पंचवीस वर्षांच्या करारान्वये सबंध शहराचा पुरवठा खासगी कंपनीकडे गेला. प्रयोग सोप्या जागी करावा हे समजते. तथापि ज्याच्या गच्चीवर टाकी आणि तळघरात पंप आहे त्यास चोवीस तास पाण्याची निकड सर्वांत कमी असते. २०११ च्या जनगणनेत चोवीस लाख नागपूरकरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक झोपडपट्टीत राहत होते. २०२० मध्ये करोना नागपुरात आला तो अमेरिकेहून विमानाने परतलेल्या प्रवाशाबरोबर. परंतु महिन्या-दोन महिन्यांत नाव झाले ते सतरंजीपुरा आणि मोमिनपुऱ्याचे, कठडे तेथे लागले, आणि तेथील शेकडो रहिवाशांस उचलून विलगीकरणात ठेवण्यात आले. एका खोलीत आठजण राहत असता घरच्या घरी अलग राहा असे सांगण्यात अर्थ नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती एक खोली २०२० च्या आधीही तेथेच होती, आणि तेव्हा तिच्यासाठी कोणतीही आपत्कालीन बैठक भरली नव्हती.

पुन्हा सिकलसेलकडे वळू. त्याच्या रुग्णास कायद्याने जे मिळाले ते २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने. त्यात थॅलॅसेमिया व हिमोफिलिया यांच्यासह या विकाराचाही दिव्यांगत्वात समावेश झाला, आणि विदर्भातील पालकांनी वर्षानुवर्षे केलेल्या अर्जविनंत्यांचे काही सार्थक झाले. ठराविक प्रमाणाइतक्या वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या विद्यार्थ्यास उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांचा लाभ मिळतो. नोकऱ्यांतील ४ टक्के जागांचे कलम मात्र वेगळे आहे: त्यात अंध, बधिर, अस्थिव्यंग, बौद्धिक व मानसिक दिव्यांग अशा प्रवर्गांची नावे आहेत आणि रक्तविकारांचे नाव नाही. म्हणून उत्तर नागपुरातील सिकलग्रस्त मुलगा दाखल्यावर महाविद्यालयात प्रवेश घेतो, वेळोवेळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात रक्त चढवून घेत पदवी मिळवतो, आणि नोकरीच्या अर्जात तोच दाखला जोडू गेला असता कारकून तो परत करतो.